माशीला सेल लागत नाही

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या नेमबाजी मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद आदरणीय विष्णुपंत पाध्ये, आजचे सत्कारमूर्ती आणि मावळते अध्यक्ष भय्यासाहेब आठल्ये, त्यांच्याशेजारी बसलेल्या आणि खरं तर ज्यांचा सत्कार आधी व्हायला हवा होता त्या भानुमतीवहिनी, मंडळाचे सचिव मुरलीधर डबीर, व्यासपीठावरची आणि व्यासपीठाखालची मान्यवर मंडळी, सभासद, नेमबाज मुलंमुली, त्यांचे आईवडील, आणि खुर्च्या रिकाम्या असताना मागच्या दाराशी उभं राहायचं ठरवलेले तुम्ही सगळे, सर्वांना सरोजिनी शेवडेचा नमस्कार.

मुरलीधरांनी आत्ता पुकारलं, "अब सरोजिनी दीदी दो शब्द कहेंगी." मुरलीधर, जन्मभर मी मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. दोन शब्दांत मी हजेरीसुद्धा घेतलेली नाही. शिवाय मी मराठीत बोलणार आहे. मागे बसलेल्या मुलांना मराठी बोलताना अडखळायला होतं, पण समजतं सगळं. घरी आई रागावते ती मराठीतच, त्यामुळे या भाषेतलं रागावणं तर त्यांना फारच चांगलं समजतं. त्यांची काही अडचण होणार नाही.

माझ्या आधीच्या प्रत्येक वक्त्याने भय्यासाहेबांच्या दूरदृष्टीचा गौरव केला. एकाने तर दोनदा केला. मला तो पूर्ण मान्य आहे. भय्यासाहेबांना लांबचं अजूनही स्वच्छ दिसतं. भेडाघाटला नावेत बसलो की पलीकडच्या कड्यावर माकड कुठे बसलंय, हे नावाड्याच्या आधी तेच सांगतात. आमचा वाद झाला तो हातभर अंतरावरच्या गोष्टीवरून. त्या वादाचा उल्लेख आतापर्यंतच्या एकाही भाषणात झालेला नाही. इतक्या सगळ्या माणसांना एकच गोष्ट एकाच वेळी विसरता यावी, याला फार चांगली तयारी लागते.

पण निरोपाचा समारंभ आहे, तेव्हा आधी आभार. आमची रेंज म्हणजे मदन महलच्या टेकडीपायथ्याचं एक गळकं गोदाम होतं. पावसाळ्यात निशाणाचे कागद ओले होऊन पापडासारखे वाकायचे. भय्यासाहेबांनी त्यावर छत घातलं. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं. समितीतल्या एका सज्जनांनी विचारलं, "मुली येतातच किती?" भय्यासाहेब म्हणाले, "स्वच्छतागृह नाही म्हणून येत नाहीत." हे उत्तर त्यांचं होतं, माझं नव्हतं, आणि मी ते विसरलेले नाही. ज्या माणसाला हे सुचलं, त्याच्याकडून मी नेहमी जास्त अपेक्षा ठेवली. आजही ठेवून आहे. म्हणून बोलते आहे.

आता ज्यांनी कधी पिस्तूल हातात धरलेलं नाही, त्या पालकांसाठी थोडं. आमच्याकडे हवेचं पिस्तूल असतं, दहा मीटरवर कागदी निशाण असतं, आणि त्या कागदावर काळं वर्तुळ असतं. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते. पुढच्या टोकाला लोखंडाचा छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. खाचेच्या मधोमध माशी आणायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा, वरची कड एका रेषेत ठेवायची आणि घोडा हळूच दाबायचा. बस. यात एकच अवघड गोष्ट आहे. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. तेव्हा निशाण अंधूक ठेवून माशी स्पष्ट पाहायची असते. ज्याला मारायचंय त्याच्याकडे न पाहता हातातल्या लोखंडाकडे पाहायचं. हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, म्हणून ते शिकवावं लागतं आणि म्हणून त्याला वर्षं लागतात. माशी खाचेत केसभर सरकली, तर दहा मीटरवर तो फरक तीसपट होतो. नशीब, नियती, ग्रहमान यांचा यात काही संबंध नाही. समरूप त्रिकोण आहेत. नववीत होते.

आता आमच्या वादातला लाल ठिपका म्हणजे काय? पिस्तुलावर काडेपेटीएवढी एक डबी बसवतात. तिच्यात काच असते, आणि सेलवर चालणारा एक दिवा त्या काचेत लाल ठिपका दाखवतो. खाच नाही, माशी नाही, रेषा जुळवणं नाही. निशाणाकडे बघा, ठिपका त्यावर आला की दाबा. सोपं आहे. सोपं असणं हा गुन्हा नाही, हे मीही मानते. पोलीस वापरतात, फौजा वापरतात. त्यांच्यासमोर कागद नसतो आणि त्यांच्याकडे वेळही नसतो. आमच्या विष्णुपंतांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ते रविवारी येतात, ठिपका लावून दहा छर्रे मारतात, कॉफी पितात आणि खुशीत घरी जातात. त्यांच्या ठिपक्याला मी कधी नावं ठेवली का? विष्णुपंत, सांगा. बघा, नाही म्हणतायत.

मग माझं भांडण कशाशी होतं?

साधारण चार वर्षांपूर्वी भय्यासाहेबांचे गुण घसरू लागले. आधी त्यांनी छर्ऱ्यांना दोष दिला. छर्रे बदलले. मग पंख्याला दोष दिला, म्हणाले वाऱ्याने छर्रा सरकतो. पंखा बंद केला, सगळे घामाघूम झालो, गुण तिथेच. मग म्हणाले, ट्यूबलाइट थरथरते. त्याच सुमारास त्यांच्या घरी आम्ही जेवायला होतो. भय्यासाहेब लग्नाची पत्रिका वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचा हात लांब, लांब, अगदी वहिनींच्या पानापर्यंत गेला.

वहिनी म्हणाल्या, "अहो, पत्रिका माझ्या वरणात बुडेल."

"काय बारीक अक्षर छापतात आजकाल!"

"अक्षर तेवढंच आहे. चाळिशी घ्या आता. पंचावन्न उलटली."

"मला काय चष्म्याची गरज आहे? समोरच्या गच्चीवर कोण उभं आहे ते सांगू?"

"गच्ची नका सांगू. मुहूर्त सांगा, लग्न कधी आहे?"

मुहूर्त शेवटी मी वाचला.

वहिनी हसतायत. हसा. दुसऱ्या दिवशी मी भय्यासाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की छर्रे ठीक आहेत, पंखा ठीक आहे, तुम्हाला माशी दिसत नाही. नेमबाजीच्या चष्म्यात थोडा नंबर टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काठी घ्यायला सांगितली.

"चष्मा लावून नेम? अध्यक्षाने? सरोजिनीबाई, लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले असते? 'चष्मा लावला' म्हणाले असते. एवढंच. पण एवढंही ऐकायची तयारी नव्हती. भय्यासाहेब दिल्लीला गेले आणि लाल ठिपका घेऊन आले. गुण वर गेले. आणि इथपर्यंत सगळं ठीकच होतं. स्वतःच्या डोळ्यांसाठी माणसाने काहीही लावावं. पण मग त्यांना स्वतःला आलेला अनुभव सगळ्या जगाचा वाटू लागला. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "खाच-माशी म्हणजे बैलगाडी. आपली मुलं बैलगाडीत बसणार का?" समितीने एका आवाजात 'नाही' म्हटलं. समितीतल्या निम्म्या लोकांनी घरात पत्रिका हातभर लांब धरायला सुरुवात केलेलीच होती. ठरलं, की यापुढे निवडक मुलांना लाल ठिपक्यावरच शिकवायचं. डोळे म्हातारे झाले समितीचे आणि उपचार झाला मुलांवर.

मी विचारलं, "स्पर्धेत ठिपका चालत नाही. नियमात उघडी माशीच सांगितली आहे. त्याचं काय?"

भय्यासाहेब म्हणाले, "नियम बदलतोय."

"कुणी सांगितलं?"

"दिल्लीत सगळे तेच म्हणतायत."

दिल्लीतले सगळे म्हणजे, मला पुढे कळलं, ठिपके विकणारा दुकानदार आणि त्याचा भाचा. पण 'नियम बदलतोय' हे वाक्य आमच्या मंडळात असं रुळलं, की लोक ते 'पाऊस येतोय' इतक्या सहज म्हणायचे. कोणी नियमपुस्तक उघडून पाहिलं का? ते कपाटावर होतं, आणि त्याच्यावर डिंकाची बाटली ठेवलेली होती. मुरलीधर म्हणाले, "दीदी, नाही बदलला तर ठिपका काढून टाकू. दोन स्क्रू तर आहेत." मी म्हटलं, स्क्रू पिस्तुलाचे काढाल, डोळ्याचे कसे काढाल? ज्या मुलीचा डोळा दोन वर्षं निशाणाकडे धावायला शिकला, तिला ऐन दिवशी 'आता माशीकडे बघ' म्हणून सांगितल्याने तो परत येतो का? मतदान झालं. माझ्या बाजूने मी होते.

लाल ठिपक्याच्या वर्गाचं उद्घाटन तुम्हाला आठवत असेल. मोठे पाहुणे आले होते, फीत कापली, भय्यासाहेबांनी पिस्तूल उचललं, नेम धरला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. पाहुणे कुजबुजले, "बड़ी एकाग्रता है." एकाग्रता कसली, ठिपकाच उगवला नव्हता! सेल संपला होता. मग कुणी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला सेल मोठा निघाला. कुणी मोटारीच्या किल्लीतला काढला, तो जाड निघाला. शेवटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला बसला, आणि त्या दिवशी जेवणात सगळ्या भाज्या अंदाजाने पडल्या. तेव्हाही मी मुरलीधरांच्या कानात म्हटलं होतं, माशीला सेल लागत नाही. त्यांनी मला चहा दिला. या मंडळात मी काही म्हटलं की मला चहा मिळतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. आता पुढचं नाही.

अंजनी गजभिये हे नाव तुम्हाला माहीत आहे. वर्षभर ते या मंडळात कोणी मोठ्याने घेतलेलं नाही, म्हणून मी घेते. रिछाईच्या एका कारखान्यात देवीदास गजभिये फोरमन आहेत, त्यांची ही मुलगी. आई कलावतीबाई दवाखान्यात परिचारिका आहेत. अंजनी शाळेत असताना माझ्याकडे आली. पहिल्याच महिन्यात मी तिला विचारलं, "नेम धरलास तेव्हा काय दिसलं?" बाकीची मुलं सांगतात, काळं वर्तुळ दिसलं. ती म्हणाली, "मॅडम, माशीच्या डाव्या कोपऱ्यावर जरासा रंग उडला आहे." मी इतकी वर्षं शिकवते आहे, असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. त्या मुलीला माशी दिसत होती! दोन वर्षांत ती आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली.

आणि पुढे गेली म्हणूनच पहिला लाल ठिपका तिला मिळाला. बक्षीस म्हणून. व्यासपीठावर बोलावून, हार घालून. मी तिच्या आईला सांगितलं, घेऊ नका. कलावतीबाई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेबांनी एवढ्या लोकांसमोर दिलं, मॅडम, नाही कसं म्हणू?" बरोबर आहे. आम्ही लोक देतोच असं, की समोरच्याला नाही म्हणता येऊ नये. मग ती भय्यासाहेबांच्या देखरेखीखाली गेली. गुण आणखी वाढले. भय्यासाहेब मला कागद दाखवायचे, "बघा सरोजिनीबाई, तुमची बैलगाडी कुठे आणि आमची मोटार कुठे!"

मग राज्यस्पर्धा आली. नियम बदललेला नव्हता. जो बदलणारच नव्हता तो कसा बदलेल? पण भय्यासाहेबांना खात्री, की तिथे सांगून पाहू, आपली ओळख आहे. मीही बरोबर गेले होते, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगते. पिस्तूल तपासणीच्या टेबलावर एक पंच होते, शांत माणूस. त्यांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, यह डिब्बी उतारनी पड़ेगी."

भय्यासाहेब पुढे झाले. "नियम बदल रहा है, साहब."

"जब बदलेगा तब लगा लीजिएगा."

"आप मुझे पहचानते नहीं हैं."

"पहचान लेता हूँ. डिब्बी तब भी उतरेगी."

डबी उतरली. मुरलीधरांचे दोन स्क्रू अगदी सहज निघाले. आणि स्पर्धेला अर्धा तास उरलेला असताना त्या मुलीच्या हातात ती खाच आणि ती माशी आली, जी तिच्याकडून आपण दोन वर्षं आधी हिसकावून घेतली होती. ती उभी राहिली. रडली नाही, थरथरली नाही. एकेक छर्रा शांतपणे मारला, आणि एकेक छर्रा बाहेर, आणखी बाहेर. तिने स्पर्धा मध्येच सोडावी, असं मीच मनात म्हणत होते. तिने सोडली नाही. शेवटचा छर्रा मारून, पिस्तूल रिकामं करून, नियमाप्रमाणे दाखवून ती मागे आली आणि मला म्हणाली, "मॅडम, हात हालून नव्हता राहिला. मी काळ्याकडंच पाहून राहिली होती. माशीकडं आणत होती डोळा, तो परत पळून जाऊन राहिला होता."

कळलं तुम्हाला? आपण काय केलं, ते तिने तिथल्या तिथे सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

आणि महिन्याभराने याच सभागृहात वार्षिक सभा झाली. याच माईकवर भय्यासाहेबांनी अहवाल वाचला. त्यातलं वाक्य मी शब्दशः सांगते, कारण ते ऐकलेले निम्मे लोक आज इथे आहेत आणि मी चुकले तर मला टोकतील. "हत्यार उत्तम होतं, शिकवणं उत्तम होतं. पोरीचं मन कच्चं निघालं. त्यांच्यात तो दम नसतो, त्याला आपण काय करणार?"

कोणी टोकलं नाही. म्हणजे मला बरोबर आठवतंय.

त्या दिवशी ती दुसऱ्या रांगेत बसली होती. आईवडिलांच्या मध्ये. मी उठून उभी राहिले, तेवढ्यात मुरलीधरांनी जाहीर केलं की चहा तयार आहे आणि माईक बंद केला. सगळे उठले. आज मुरलीधरांनी मला तीन चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्या मी न वाचता पर्समध्ये ठेवल्या आहेत. त्यांत चहाच असणार.

तर त्या दिवशी विचारायचं राहिलं ते आज विचारते. 'त्यांच्यात' म्हणजे कोणात, भय्यासाहेब? मुलींमध्ये? मग ज्यांच्यासाठी तुम्ही भांडून स्वच्छतागृह बांधलं त्या कोण होत्या? कारखान्यातल्या माणसांच्या घरांमध्ये? हे शहर निम्मं त्यांचंच आहे. की आणखी कोणामध्ये, जे सभागृहात प्रत्येकाला समजलं आणि कोणाच्याही तोंडून निघालं नाही? मी तुमच्या तोंडात काही घालत नाही. एवढंच म्हणते, की माशी न दिसणं हा डोळ्यांचा दोष आहे, वयाने होतो, माफ आहे. समोर उभी असलेली मुलगी न दिसणं वयाने होत नाही.

अंजनीने त्या दिवसापासून पिस्तुलाला हात लावला नाही. मी वाट पाहिली. मग या महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या घरी गेले. कलावतीबाई दारातच म्हणाल्या, "मॅडम, या, बसा, पण पोरीला आता कायले नेता? माईकवर सांगितलं न सगळ्याईले, दम नाही म्हणून. दवाखान्यात बाया मले विचारून राहिल्या होत्या, काहून हो, काय झालं तुमच्या पोरीचं?"

देवीदासरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मी अंजनीला म्हटलं, "ज्युनिअर गटातलं तुझं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. डोळा परत येईल. मला थोडे आठवडे दे."

ती म्हणाली, "डोळा आला आहे, मॅडम."

"कसा?"

"घरी भिंतीकडं तोंड करून रोज करते. पेन्सिल धरते. टोकाकडं पाहते, भिंत धुरकट ठेवते."

"मग येत का नाहीस?"

तेव्हा ती जे बोलली ते मी आज इथे पोचवायला आले आहे. निरोप समारंभात बोलायची माझी हौस फार पूर्वीच फिटलेली आहे. ती म्हणाली, "मी येईन. पण त्यांनी माईकवर सांगितलं होतं, तर माईकवरच परत सांगावं. मले कानात सॉरी नको आहे. माझ्या आईनं माईकवरचं ऐकलं आहे."

मी भय्यासाहेबांना फोन केला. हे वहिनींनाही माहीत नसेल. ते म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? घरी बोलवा, मिठाई देतो, पाठ थोपटतो." मी म्हटलं, मिठाई नाही, माईक. ते म्हणाले, "बघू." पुन्हा केला, पुन्हा "बघू." आता गुरुवारी भय्यासाहेब मुलाकडे हैदराबादला कायमचे जातायत. सामान गेलेलं आहे. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. आजच्यानंतर या माईकसमोर ते पुन्हा उभे राहणार नाहीत. म्हणजे बघायला आता काही उरलेलं नाही.

पाठीमागे कोणी वळून पाहू नका. ती आली आहे की नाही, हे मीही पाहिलेलं नाही. आली असेल तर तिच्या मनाने आली असेल, आणि तिच्याकडे माना वळवून तिचा पुन्हा एकदा तमाशा करण्याची गरज नाही. समोर बघा.

मला कोणी म्हणेल, निरोपाच्या दिवशी हे बोलायचं असतं का? शाल पांघरलेल्या माणसाला? मी म्हणते, मग कधी? पोचल्यावर तारेने कळवायचं? आपल्या समारंभांची पद्धत अशी पडली आहे, की माणूस गेला की त्याच्याविषयी सगळं गोड, आणि त्याने ज्याचं नुकसान केलं त्याने मात्र समंजसपणे टाळ्या वाजवायच्या. मला ही पद्धत घाणेरडी वाटते. भय्यासाहेब लहान माणूस असते तर मी दोन वाक्यं बोलून खाली बसले असते. ते तसे नाहीत. ज्यांनी एकदा समितीसमोर उभं राहून मुलींच्या बाजूने उत्तर दिलं, त्यांना एक वाक्य परत घेता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. फार बोलायचं नाहीये. मन कच्चं नव्हतं, शिकवणं चुकलं होतं. एवढंच. चष्मा लावण्याइतकंच अवघड आहे ते, जास्त नाही.

काय म्हणालात, भय्यासाहेब?

पुन्हा म्हणा.

ऐकलं मी. वहिनींनीही ऐकलं, त्या मान हलवतायत. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल. पण दाराजवळ गेलेलं नाही, आणि सगळा प्रश्न दाराजवळचाच आहे. बसू नका, उभे राहिलात ते बरंच झालं. मी आवरतं घेते.

अध्यक्ष विष्णुपंतांचे आभार, त्यांच्या पुढ्यात घंटी असूनही त्यांनी ती एकदाही वाजवली नाही. भानुमतीवहिनींचे आभार, त्यांच्या घरातली गोष्ट मी न विचारता सांगितली आणि त्या हसल्या. तुम्हा सगळ्यांचे आभार, कोणी उठून गेलं नाही. वेळ मी जास्त घेतला, आतल्या बासुंदीवर साय धरली असेल, तो दोष माझा, सांभाळून घ्या. कुणाचं पद किंवा मान उल्लेखायचा राहिला असेल, त्यांनी उदारपणे सोडून द्यावं. शब्द मात्र कडक गेले असतील तर त्यांची माफी आज मी मागणार नाही. आज ती पाळी माझी नाही.

मुरलीधर, चहाचं राहू द्या. माईक चार बोटं वर करा. भय्यासाहेब माझ्यापेक्षा उंच आहेत.